सहासष्ट पॉइंट आठ

आधी माफी मागतो. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लिही असं मराठीच्या मॅडमनी दोनदा सांगितलं, तेव्हा दोन्ही वेळा मी नाही म्हटलं होतं. 'उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण' यापलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिणाऱ्या माणसांची घरात सवय नाही. आणि एखाद्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे तो आपल्याला कळला असं म्हणायचं. तेवढी हिंमत माझ्यात नाही.

दुसरं कारण जास्त खरं आहे. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्याशी मी खोटं बोललोय आणि ते त्यांना माहीत नाही. सांगायला म्हणून मी चार वेळा त्यांच्याकडे गेलो आणि चारही वेळा चहा पिऊन परत आलो. म्हणून आता लिहितोय. हे भित्रेपणाचं आहे, कळतं मला. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या आळीतली माणसं ओळखतीलच.

काका अलिबागला माझे घरमालक होते. आमचं गाव आत, म्हसळ्याच्या बाजूला. तिथून रोज एसटीने येणं-जाणं शक्य नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले गोपाळमामा आमच्याच भागातले. त्यांनी ही खोली सुचवली. म्हणाले, "माणूस चांगला हाय, पण एका जागी बसत न्हाय. तू लक्ष देऊ नको."

खोली म्हणजे वाडीच्या टोकाला, पूर्वी नारळ साठवायची जागा. पहिल्या दिवशी बॅग ठेवून मी म्हटलं, "काका, पाच मिनिटांत अंघोळ करून येतो."

"पाच म्हणजे किती?" काकांनी विचारलं.

मी हसलो. ते हसले नाहीत. मी अंघोळ करून आलो तेव्हा ते दारातच उभे होते. "अकरा," म्हणाले आणि निघून गेले.

काका खतांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. काकू नव्हत्या, मुलगी नाशिकला. घरात तीन खुर्च्या होत्या, पण काकांना मी कुठल्याही खुर्चीत पाहिलं नाही. चहा हातात घेऊन ते ओटीवरून विहिरीपर्यंत जायचे, विहिरीवरून फाटकापर्यंत, फाटकातून परत. पेपरसुद्धा चालता चालता वाचायचे. शेजारच्या सुनंदाकाकू, ज्यांच्याकडून आम्हा दोघांना डबा यायचा, त्या कुंपणापलीकडून ओरडायच्या, "भाऊजी, बसा हो जरा! मला इथे बघून चक्कर येते."

"मग बघू नका," काका म्हणायचे आणि चालत राहायचे.

ओटीच्या भिंतीवर हवेचा दाब मोजायचं एक पितळी यंत्र होतं, ताटाएवढं गोल. सकाळी आणि संध्याकाळी काका त्यावर नखाने टिचकी मारायचे, काटा स्थिर झाला की आकडा बघायचे आणि कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचे. लोक त्या चौकटीत दूध आणि गॅस लिहितात. काटा हलत असला की काकांचं चालणं वाढायचं. त्या दिवशी डबासुद्धा उभ्यानेच संपवायचे. "आज दाब हलतोय. आज पाण्यावर विश्वास ठेवायचा नाही."

हे मला कितीतरी दिवस कळलं नाही. मग एका रविवारी त्यांनी मागच्या पडवीत नेलं, आणि कळलं.

तिथे गॅसची छोटी शेगडी होती, काचेची भांडी होती आणि जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला एक लांब थर्मामीटर होता. त्यावर शंभर अंशांच्या आसपासचेच थोडे अंश होते, पण प्रत्येक अंशाचे दहा भाग केलेले. काका दर रविवारी पाणी उकळायचे आणि त्याचं तापमान लिहायचे. मग त्यात युरिया किंवा साखर, काहीतरी वजन करून टाकायचे आणि परत उकळायचे. काही विरघळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा थोड्या जास्त तापमानाला उकळतं. ते 'थोडं' नेमकं किती, हे मोजलं की टाकलेल्या पदार्थाचा रेणू किती जड आहे ते गणिताने काढता येतं. आमच्या अभ्यासक्रमात हा प्रयोग होता. मी तो पाठ केला होता. समजला नव्हता.

काकांनी विचारलं, "एक किलो जवळा आणि एक किलो सुरमई. नग कशात जास्त?"

"जवळ्यात. हजारो."

"तसंच. वजन तेवढंच घेतलंस आणि रेणू हलका असला, तर नग जास्त. नग जास्त तर पाणी जास्त चढणार. पाण्याला नग कळतात रे, जात कळत नाही."

मी एवढी वर्षं रसायनशास्त्र शिकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे माझ्यासाठीसुद्धा आहे.

"आणि पाणी किती अंशांना उकळतं?"

"शंभर."

"ते पुस्तकात. आपल्या अलिबागेत आज नव्व्याण्णव पॉइंट पंच्याऐंशी." त्यांनी ओटीवरच्या यंत्राकडे बोट केलं. दाब उतरला की पाणी लवकर उकळतं. आधी साधं पाणी मोजलं आणि मग द्रावण मोजेपर्यंत दाब हलला, की सगळं गणित फुकट. म्हणून ते चालणं. म्हणून त्या टिचक्या.

पाणी एकसारखं उकळावं, उसळू नये, म्हणून काका त्यात मंगलोरी कौलाचे बारीक तुकडे टाकायचे. त्यांना ते इतकं पटलं होतं की चहाच्या पातेल्यातही टाकायचे. गाळणी मोठ्या भोकांची होती. एकदा माझ्या दाताखाली कौल आलं. काका म्हणाले, "चहा मात्र उसळला नाही, बघ."

आकडा वाचताना ते श्वास धरायचे आणि आजूबाजूच्यांनाही धरायला लावायचे. एकदा नारळ पाडायला बाळू आला होता. तो माडावर चढला आणि इकडे पाणी नेमकं स्थिर झालं. नारळ पडला की जमीन हादरणार, पारा हलणार. काकांनी नुसता हात वर केला. बाळू वर थांबला. एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली.

"ओ काका," वरून आवाज आला, "पाडू का उतरू? मुंग्या चावतान!"

काकांनी थर्मामीटर वाचायच्या भिंगातून डोळा न काढता दुसरा हातही वर केला.

"दोनी हात वर केलंव म्हंजे काय समजू मी?" बाळू ओरडला. सुनंदाकाकू कुंपणाला धरून हसत होत्या. काकांनी शांतपणे आकडा लिहिला आणि मग वर बघून म्हणाले, "पाड."

या खटाटोपातून युरियाचा रेणुभार कधी अठ्ठावन्न पॉइंट नऊ यायचा, कधी एकसष्ट पॉइंट तीन. खरा साठ आहे हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. काका जे आलं ते लिहायचे आणि समाधानाने पान उलटायचे. एकदा साठ पॉइंट एक आला. मी टाळी वाजवली. काका अस्वस्थ झाले. "फारच बरोबर आलं. काहीतरी चुकलंय," म्हणाले, आणि सगळा प्रयोग पुन्हा मांडला.

मी एकदा विचारलं की आता तर यंत्रं आहेत, नमुना घातला की कागद बाहेर येतो, मग हे कशाला. काका म्हणाले, "कागद बरोबरच असतो. पण तो बरोबर आहे हे तुला कसं कळलं?" त्यांना उत्तर नको होतं बहुतेक. ते तोपर्यंत विहिरीपाशी पोचले होते.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं.

पाचव्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला मी नापास झालो होतो. हाच प्रयोग होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काहीतरी विचारलं, माझा हात थरथरला आणि थर्मामीटर टेबलावर आपटून फुटला. पाऱ्याचे मणी सगळ्यांच्या वह्यांखाली पळाले. माझा प्रयोग तिथेच संपला. ते प्रॅक्टिकल आता सहाव्या सेमिस्टरबरोबर पुन्हा द्यायचं होतं. नाही सुटलं तर पदवी अडकणार होती.

बाबांना मी फोन केला. बाबा शेती करतात, भाताची. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आमाला त्यातला काय कलत न्हाय रं. पन यंदा न्हाय झाला तर उरणला चुलत्याकडं जा. कंटेनरच्या यार्डात मानसा लागतात." ते समजुतीने म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

काकांना कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पारा सगळा गोळा केलात का?" आणि दुसऱ्या दिवसापासून रोज कॉलेजहून आलो की पडवीत उभं केलं. तो बनियनमधला थर्मामीटर, ज्याला सुनंदाकाकूंनाही हात लावायची परवानगी नव्हती, तो माझ्या हातात दिला. माझा हात थरथरायचा. ते म्हणायचे, "थरथरू दे. थरथर थांबली की वाच. आणि आलं ते लिही." तीन महिने, रोज. आलं ते लिही. हात थांबायला दोन महिने लागले.

परीक्षेला चिठ्ठीत मला नेमका तोच प्रयोग आला. माझ्यासह आम्ही सहा जण होतो. पदार्थाच्या बाटलीवर नुसतं 'अ' लिहिलेलं. गोपाळमामा बाटल्या मांडून जाता जाता पुटपुटले, "युरिया हाय." मुलांचे चेहरे खुलले. उत्तर साठ. आता उलटीकडून गणित करायचं: साठ येण्यासाठी तापमान किती चढायला हवं ते काढायचं आणि तेच निरीक्षण म्हणून लिहायचं. हे सगळेच करतात. मी कुणाला दोष देत नाही, का ते कळेलच.

मी मात्र काकांनी शिकवलं तसं केलं. पन्नास ग्रॅम पाणी. उकळलं नव्व्याण्णव पॉइंट अठ्ठ्याऐंशीला. सहा ग्रॅम पदार्थ. टाकताना तो चमच्याला चिकटत होता. आणि पाणी तापलं तेव्हा वास आला. तो वास मी ओळखतो. आवणीनंतर, म्हणजे रोपं लावून झाली की, भाताला युरियाचा हप्ता देतात तेव्हा बाबांच्या हातांना तोच कडू वास असतो. शेतीच्या युरियाला कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं. म्हणजे हा बाटलीतला शुद्ध युरिया नव्हता, पिशवीतला होता, कुटून बाटलीत भरलेला. आणि आपल्या खाऱ्या हवेत उघडी राहिलेली पिशवी पाणी ओढते.

द्रावण उकळलं शंभर पॉइंट ऐंशीला. फरक पॉइंट ब्याण्णव. गणित केलं. सहासष्ट पॉइंट आठ.

मी परत केलं. सहासष्ट पॉइंट आठ.

मला ते का आलं हे माहीत होतं. युरिया ओला होता. सहा ग्रॅममध्ये दहावा हिस्सा पाणीच होतं, म्हणजे नग कमी, म्हणून पाणी कमी चढलं. अख्ख्या प्रयोगशाळेत ही गोष्ट मला एकट्याला माहीत होती. त्या क्षणी मी किती ताठ उभा होतो ते मला आठवतं. मग परीक्षक रांगेतल्या पहिल्या टेबलाशी आले. "किती आलं?" "एकोणसाठ पॉइंट नऊ, सर." "गुड." पुढच्या मुलीचं साठ पॉइंट तीन. "गुड." ते माझ्याकडे वळायला एक टेबल उरलं होतं आणि मला उरणचं यार्ड दिसायला लागलं. ओलं आहे म्हटलं तर ते विचारणार, कुणी भरलं? गोपाळमामांचं काय होईल? हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

मी पान बदललं. शंभर पॉइंट ऐंशीच्या जागी शंभर पॉइंट नव्वद लिहिलं. बाकी सगळं तेच. साठ पॉइंट दोन.

"गुड," परीक्षक म्हणाले.

बाहेर पडताना मी मामांना विचारलं, "मामा, युरिया कुठचा?"

"घरचा. बाटली आलीच न्हाय वरून, मागवून दोन महिने झाले." मग माझं तोंड बघून म्हणाले, "काय रे? युरिया तो युरिया. भाताला चालतो, तुमाला न्हाय चालत?"

काका फाटकात उभे होते. उभे म्हणजे येरझाऱ्या घालत होते. "किती आलं?"

मी म्हटलं, "सहासष्ट पॉइंट आठ."

आलं तेच सांगितलं. तोपर्यंत मी खोटं बोललो नव्हतो.

काकांचे डोळे बारीक झाले. "ओलं," ते लगेच म्हणाले. मी कडुनिंबाच्या वासाचं सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "वासावरून? तू वासावरून ओळखलंस?" मग आवाज खाली आणून, "तेच लिहिलंस?"

"हो," मी म्हटलं.

आणि काका बसले. ओटीच्या पायरीवर, माझ्यासमोर, पहिल्यांदा. गुडघ्यांवर हात ठेवून. सुनंदाकाकू धावत आल्या. त्यांना वाटलं चक्कर आली.

"काही नाही झालं हो," काका म्हणाले. "याने सहासष्ट लिहिलं."

निकाल लागला. प्रॅक्टिकलला मला पस्तीसपैकी एकोणतीस. बाबा पेढे घेऊन आले. मी विचार केला, संपलं. पण काकांनी त्या गुणांचा अर्थ वेगळा लावला. त्यांच्या मते या काळात एक परीक्षक असा निघाला होता, ज्याने साठच्या जागी सहासष्ट लिहिणाऱ्या मुलाला एकोणतीस गुण दिले. अशा माणसाचे आभार मानायला हवेत. त्यांनी दोन दिवस चालता चालता पत्राचा मजकूर जुळवला आणि तिसऱ्या दिवशी लिहिला. परीक्षकांना, कॉलेजच्या पत्त्यावर. सहासष्ट पॉइंट आठ हा आकडा त्यात अक्षरांत होता.

"मी टाकतो पोस्टात, काका."

"नको. रजिस्टर करायचंय. पावती घ्यावी लागते."

ते पावती घेऊन आले. त्यानंतर मी आठवडाभर रोज कॉलेजच्या ऑफिसात जात होतो. क्लार्कने शेवटी विचारलं, "तुझं काम काय आहे नक्की?" मी म्हटलं, मायग्रेशन सर्टिफिकेट. तेवढ्यात त्याच्या टेबलावर काकांचं अक्षर दिसलं. पाकिटावर परीक्षकांच्या कॉलेजचा पत्ता टाकून ते पुढे पाठवायच्या टपालात ठेवलं होतं. मी हात लावला असता तर उचलता आलं असतं. लावला नाही. त्यात चांगुलपणा नव्हता, तिथे दोन माणसं उभी होती.

मी एमएस्सीला पनवेलला गेलो. पण महिन्या-दीड महिन्याने अलिबागला जायचो. चार वेळा गेलो. दर वेळी एसटीत ठरवायचो की आज फाटकातच सांगायचं. आणि दर वेळी फाटकात माझ्या तोंडून दुसरंच निघायचं: "काका, त्या पत्राचं उत्तर आलं?"

"अजून नाही," काका म्हणायचे. "येईल. घाई कसली?"

मला हायसं वाटायचं आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटायची. दिवाळीच्या आधी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा लावून ते तितकेच चालत होते. मी म्हटलं, "काका, मला तुमच्याशी जरा बोलायचंय." ते चालता चालता थांबले. पूर्ण थांबले. "बोल," म्हणाले. मी विचारलं, औषधं वेळेवर घालता ना डोळ्यांत? ते म्हणाले, "घालतो," आणि परत चालायला लागले.

इथपर्यंत मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. शेवटी त्यांची माफी मागायची आणि अंक छापून आला की टपालाने त्यांना पाठवायचा, असा माझा विचार होता. पत्ता घ्यायला म्हणून परवा सुनंदाकाकूंना फोन केला. पिनकोड विचारला. मग सवयीने विचारलं, "काकू, काकांच्या त्या पत्राचं काही उत्तर?"

काकू म्हणाल्या, "अरे, ते कधीच आलंय."

"कधी?"

"ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी. डोळ्यांवर पट्टी होती ना, मीच वाचून दाखवलं. चांगलं लिहिलंय बिचाऱ्यांनी. त्यांनी त्यांची वही काढून बघितली म्हणे. त्या गटात सहाही जणांचं उत्तर साठच्या आसपास होतं, सहासष्ट कुणाचंच नव्हतं. आणि युरिया ओला होता तर सहाही जणांना मी गुण दिले ही माझी चूक, असं लिहिलंय."

मी विचारलं, काका काय म्हणाले.

"परत वाचायला लावलं. मग म्हणाले, ठेवून द्या. आणि त्याला कळवू नका. नंतर एकदा मी म्हटलं, भाऊजी, तो येतो तेव्हा विचारतो, तुम्ही आलं नाही म्हणून सांगता, तुम्ही कशाला खोटं बोलताय या वयात? तर म्हणाले, तो सांगायलाच येतोय, त्याला येऊ दे." काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावल्याचा आवाज आला. "आता तू आतमध्ये चहा घेत असलास की मी इकडे कपडे वाळत घालते. तू गेलास की ते लगेच कुंपणापाशी येतात. मी काही विचारायच्या आधीच मान हलवतात. म्हणतात, आज नाही बोलला."